नऊ पोरांची सरासरी

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन निवांत वाचा, नाहीतर सोडून द्या. पण अर्धी वाचून कमेंट टाकू नका, एवढीच विनंती.

१ मेच्या ग्रामसभेत काय झालं ते गावातल्यांना माहीतच आहे. बाहेरगावी असलेल्या मित्रांसाठी सांगतो. पाणीपुरवठा, घरकुलं, दिवाबत्ती असे नेहमीचे विषय उरकल्यावर एकानं मोबाईल काढला आणि माईकवर एक यादी वाचली. केंद्रातल्या सहा शाळांची, आठवीच्या गणिताची सरासरी. एप्रिलमध्ये जी संकलित चाचणी झाली तिची. आपली जिल्हा परिषदेची शाळा सहावी. म्हणजे शेवटची. ४७ टक्के. मागच्या वर्षी हीच सरासरी ६४ होती.

"सतरा टक्के खाली! काय करतात काय हे लोक शाळेत?" असं म्हणून त्यानं माईक ठेवला. मग जे व्हायचं तेच झालं. दोन सूचना आल्या. पहिली, सहावी ते आठवीचे वर्ग बंद करून मुलं पाच किलोमीटरवरच्या हायस्कूलला पाठवावीत, तिथं लॅब आहे, मैदान आहे. दुसरी सूचना मागच्या खुर्चीवरून आली आणि तिला टाळ्या जास्त पडल्या. "ती गुऱ्हाळावरची न् सालगड्यांची पोरं भरलीत शाळेत. ती काढा, निकाल आपोआप वर येईल." विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला.

मी गप्प बसलो. तीन वर्षं शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष होतो, बोलायला हवं होतं. का बोललो नाही ते खाली सांगतो.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. बाईंना म्हटलं, मला ती आठवीची मार्कांची यादी दाखवा, नावं नकोत, फक्त आकडे. बाई हसल्या. म्हणाल्या, "दादा, नऊ पोरं आहेत. नावं झाकून काय उपयोग? तुम्हाला सगळी माहितीच आहेत."

खरंच होतं ते. नऊ. ७८, ७२, ६४, ६१, ५५, ४८, २०, १५, १०. बेरीज ४२३, भागिले नऊ, ४७. यादी बरोबर होती. वाचणाऱ्यानं काही खोटं सांगितलं नव्हतं.

आता खालची तीन पोरं बाजूला ठेवून सहा जणांची सरासरी काढा. ६३ येते. म्हणजे मागच्या वर्षीइतकीच. सगळी घसरण तीन पोरांची आहे. नऊच्या वर्गात एकेक पोर म्हणजे अकरा टक्के वर्ग. हायस्कूलच्या साठ पोरांच्या तुकडीत अशीच तीन कच्ची पोरं बसवली तर सरासरी दोन-अडीच टक्क्यांनी हलेल, कुणाच्या लक्षातही यायचं नाही. आपल्याकडं ती सोळा टक्क्यांनी हलते आणि ग्रामसभा पेटते. मागच्या वर्षीच्या ६४ चंही तसंच. तेव्हा आठवीत सात पोरं होती. त्या वर्षी शाळा फार भारी होती असं नाही आणि या वर्षी बिघडली असंही नाही. पोरं वेगळी होती.

इथं थांबलो असतो तर मीही मागच्या खुर्चीवाल्याच्याच रांगेत जाऊन बसलो असतो. "तीन पोरं वजा करा" हे तोही म्हणत होता आणि कॅल्क्युलेटर घेऊन मीही तेच करत होतो. म्हणून बाईंना विचारलं, ही तीन कोण आणि वरची सहा कोण?

हे कळायला आपली शाळा आता कुणाची आहे ते आधी बघावं लागेल. गावातल्या बऱ्याच जणांना ते माहीत नाही, कारण शाळेत आपण २६ जानेवारीशिवाय जात नाही.

३० सप्टेंबरला सहावी ते आठवीचा पट होता ३१. त्यातली १३ पोरं आपल्या गावची, म्हणजे ज्यांची घरं आणि सातबारे इथं आहेत त्यांची. ८ गुऱ्हाळांवरची. आपला दौंड तालुका गुळासाठी ओळखला जातो, आणि गुऱ्हाळावर चुलवणापासून काहिलीपर्यंत राबणारी माणसं बरीचशी उत्तर प्रदेशातली. ती आता हंगामापुरती येत नाहीत, बायकापोरांसह राहतात. ७ पोरं सालगड्यांची, परभणी-हिंगोलीकडची. आणि ३ मेंढपाळांची, त्यांचे वाडे पावसाळ्यात इथं आणि उरलेलं वर्ष वाटेवर.

१३, ८, ७, ३. ही आपली 'गावची शाळा'.

मग गावची बाकीची पोरं कुठं आहेत? सकाळी सव्वासातला चौकात उभं राहा. तीन पिवळ्या बस येतात. आणि जरा नीट बघा, बसमध्ये चढणाऱ्यांत पोरगे किती आणि पोरी किती. शाळेत जी आपली १३ आहेत, त्यांत ९ मुली आहेत. एकाच घरातला भाऊ टाय लावून बसमध्ये आणि बहीण चालत जिल्हा परिषदेत, अशी घरं आपल्या गावात आहेत. मी नावं घेणार नाही. एक घर माझं आहे.

होय. माझी मुलगी याच शाळेत आठवीपर्यंत शिकली. मुलगा पाचवीपासून इंग्रजी माध्यमाला आहे. तेव्हा मी अध्यक्ष होतो. 'गणिताला शिक्षक नाही' हे कारण मी सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. गणित-विज्ञानाचे सर आंतरजिल्हा बदलीनं गेले आणि दीड वर्ष त्या जागेवर कुणी आलं नाही. पण शिक्षक नव्हता तेव्हा मुलगीही त्याच शाळेत होती. तिच्यासाठी मला बस दिसली नाही. ग्रामसभेत मी गप्प का बसलो त्याचं उत्तर हे आहे. कुणीतरी फटकन म्हणालं असतं, "आधी तुमचा पोरगा आणा."

आता ती नऊ पोरं.

बाईंनी एक गंमत केली. मार्कांच्या शेजारी पेन्सिलीनं एक आकडा लिहिला. हे पोर आपल्या शाळेत किती वर्षं सलग आहे तो. ७८ वालीच्या पुढं ७. ७२ च्या पुढं ८. ६४ पुढं ८. ६१ पुढं ५. ५५ आणि ४८ पुढं ८-८. आणि खालच्या तिघांपुढं अनुक्रमे १, १ आणि एक प्रश्नचिन्ह.

वर्गात पहिली आलेली ७८ वाली मुलगी कोण? गुऱ्हाळावरची. दुसरीत आली तेव्हा तिला 'बाई, पाणी पिऊन येऊ?' एवढंही मराठीत म्हणता येत नव्हतं. बाप चुलवणात चिपाड टाकतो. मालकानं सात वर्षं त्या कुटुंबाला सोडलं नाही, कारण माणूस कामाला वाघ आहे, आणि त्यामुळं पोरीची शाळा सुटली नाही. आज तिचं मराठी माझ्या पोरापेक्षा शुद्ध आहे. ६१ वाला सालगड्याचा. त्याचा मालकही पाच वर्षं तोच आहे. ही दोघं 'बाहेरची'च की! यांना काढलं तर सरासरी वर जाईल का खाली, करून बघा.

सालगडी म्हणजे काय हे गावाकडच्यांना सांगायला नको, पण शहरातल्या मित्रांसाठी सांगतो. शेतावर वर्षाच्या ठरावानं राहणारा गडी. त्याचं साल पाडव्याला सुरू होतं आणि पाडव्याला संपतं. मालकाशी पटलं नाही, उचल फिटली नाही, दुसरीकडं चार पैसे जास्त मिळाले, की पाडव्याला बिऱ्हाड हलतं. आणि पाडवा कधी येतो? मार्चअखेर किंवा एप्रिलात. वार्षिक परीक्षेच्या बरोबर तोंडावर. म्हणजे या पोरांचं शाळेचं वर्ष दरवर्षी शेवटच्या महिन्यात मोडतं. आपल्या पंचांगानंच ते तसं लावून ठेवलंय. शंभर वर्षांपूर्वी गड्याचं पोर शाळेत जाणारच नव्हतं, तेव्हा कुणाचं काही अडलं नाही.

१५ मार्क पडलेली मुलगी अशीच. मागच्या पाडव्यानंतर तिचे आईबाप इथं आले, जूनमध्ये ती शाळेत आली. आधीची दोन वर्षं ती शाळेतच नव्हती, धाकट्या भावाला सांभाळत होती. शिक्षण हक्क कायदा म्हणतो की पोराला वयाप्रमाणं वर्गात बसवा, आणि ते मला पटतं, तेरा वर्षांची पोरगी सहावीच्या बाकावर बसली तर चार दिवसांत पळून जाईल. पण त्याच कायद्यात असंही आहे की अशा पोराला बरोबरीला आणायला खास शिकवणी द्यायची. ती कोण देणार? सहावी ते आठवीला दोन शिक्षक, त्यातल्या गणिताच्या सरांची जागा पवित्र पोर्टलच्या भरतीतून आत्ता कुठं भरली. उरलेल्या वेळात ऑनलाइन माहिती, मतदार यादी, आधार जुळवणी. बाई मधल्या सुट्टीत तिला बेरीज-वजाबाकी शिकवायच्या. जूनला हातच्याची वजाबाकी येत नव्हती. एप्रिलला भागाकार येत होता, दोन अंकी भाजकाचा येत नव्हता. आठवीच्या पेपरला त्याचे १५ मार्क. एका वर्षात चार इयत्ता चढलेलं पोर आपल्या यादीत 'कच्चं' म्हणून लागलं.

हे फक्त आपल्या गावचं आहे असंही नाही. 'असर' नावाचा सर्व्हे घरोघर जाऊन पोरांना वाचायला लावतो. २०२४ च्या सर्व्हेत देशभरातल्या सरकारी शाळांतल्या आठवीच्या पोरांपैकी दुसरीच्या पुस्तकातला उतारा साधारण दोन तृतीयांशांनाच वाचता आला. म्हणजे तीनातलं एक पोर आठवीत बसूनही दुसरीचं वाचू शकत नाही. आपल्या वर्गातही नऊतली तीन. मी यातून शाळेला सर्टिफिकेट देत नाहीये. ज्या पोराला येत नाही त्याला येत नाही, ते देशभर असलं म्हणून त्याला यायला लागत नाही.

या मुलीची अजून एक गोष्ट. या पाडव्याला तिच्या बापाचं साल बदललं. बिऱ्हाड शेजारच्या गावात गेलं, सहा किलोमीटर. चाचणीच्या दिवशी ती दूधवाल्याच्या गाडीवर कॅनच्या मध्ये बसून आली. बाईंनीच निरोप धाडला होता. मी म्हटलं, बाई, आली नसती तर? त्या म्हणाल्या, "गैरहजर मांडली असती. सरासरी ५१ झाली असती आणि आपण खालून दुसरे आलो असतो." आणि कपाट लावायला लागल्या.

मला त्या वाक्याचा अजून राग येतोय, पण बाईंचा नाही. आपण आकड्याचा धाक एवढा घालायचा की एखाद्या शाळेला वाटावं, कच्चं पोर परीक्षेला न आलेलंच बरं. दुसऱ्या शाळा काय करतात मला माहीत नाही, मी कुणावर आरोप करत नाही. पण आपल्या बाईंनी निरोप धाडला आणि त्याची शिक्षा म्हणून माईकवरून त्यांच्या शाळेची अब्रू काढली गेली, हे खरं आहे.

२० वाला मुलगा गुऱ्हाळावरचा, जुलैत आलाय. उत्तर प्रदेशात सातवीपर्यंत हिंदीतून शिकला. नव्या सरांनी त्याला तेच पेपरातलं शाब्दिक उदाहरण हिंदीत वाचून दाखवलं, तर त्यानं तोंडी उत्तर सांगितलं. शेकडेवारी त्याला येते. 'शेकडा' आणि 'दरसाल' हे शब्द येत नाहीत. त्याचा २० हा गणिताचा मार्क नाहीच, मराठीचा आहे. १० वाला मेंढपाळाचा मुलगा. त्याचंच ते प्रश्नचिन्ह. पटावर पहिलीपासून आहे, पण दिवाळीनंतर वाडा कोकणाकडं उतरतो आणि मृगाच्या आधी परततो. यंदा बापानं परीक्षेसाठी म्हणून त्याला मामाकडं ठेवलं, पंधरा दिवस. पंधरा दिवसांचे दहा मार्क. याचं उत्तर माझ्याकडं नाही. बाईंकडंही नाही.

तर नऊ पोरांवरून मला जे दिसतं ते एवढंच, की पोर कुठलं आहे यानं फारसा फरक पडत नाही, ते एका जागी किती वर्षं टिकलं यानं पडतो. नऊ पोरांवरून सिद्धांत मांडू नये हे मीच वर सांगितलंय. म्हणून बाईंना म्हटलं सहावी-सातवीचंही बघू. तिथंही साधारण तसंच. सहावीत एक आपल्या गावचाच मुलगा आहे, आठ वर्षांत कुठंही न हललेला, आणि त्याला काही येत नाही, तर सातवीत दोन वर्षांपूर्वी आलेली एक मुलगी झपाट्यानं पुढं गेलीय. नियमाला अपवाद आहेतच. आणि ४८ नि ५५ वाली दोघं आठ वर्षं इथंच असून तेवढ्यावरच का, हा प्रश्न शाळेला विचारायलाच हवा. दीड वर्ष गणिताला माणूस नव्हता हे त्याचं निम्मं उत्तर असेल. उरलेलं निम्मं बाईंनी द्यावं.

आता त्या यादीबद्दल दोन गोष्टी, ज्या माईकवर सांगितल्या गेल्या नाहीत.

एक. यादीत सहाच शाळा होत्या. त्या तीन पिवळ्या बस ज्या शाळांना जातात त्या यादीत नव्हत्या. कारण ही चाचणी सरकारी आणि अनुदानित शाळांची असते. विनाअनुदानित इंग्रजी शाळा तिच्यात नसतात. म्हणजे ज्यांची पोरं त्या शाळांत जातात त्यांनी ज्यांची जात नाहीत त्यांच्या शाळेचा निकाल वाचला. माझ्या मुलाच्या प्रगतिपुस्तकात सगळीकडं ए आहे. मागच्या रविवारी त्याला दुधाचा पंधरवड्याचा हिशेब करायला बसवला. फॅटप्रमाणं दर, लिटर आणि कापलेली उचल. त्याला जमला नाही. बहिणीनं करून दिला. यावरूनही काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं, एकच पोर आहे. पण वर्षाला जेवढी फी मी भरतो तेवढ्यात हे मला कुणीतरी यादी लावून सांगायला हवं होतं.

दोन. दिवाळीनंतर वर्गात बसणारी पोरं. कारखाने सुरू झाले की बीड, पाथर्डी, चाळीसगावकडच्या टोळ्या येतात, माळावर कोप्या पडतात. यंदा त्यातली ११ पोरं सहावी ते आठवीत येऊन बसत होती. शिक्षण हमी कार्ड असतं त्यांचं, बऱ्याचदा कुणाच्या पेटीत तळाशी पडलेलं. शिक्षक किती द्यायचे ते ठरतं ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि ही पोरं येतात नोव्हेंबरात. तिकडं त्यांच्या गावात ती पटावर असतात आणि वर्गात नसतात. इकडं वर्गात असतात आणि पटावर नसतात. फेब्रुवारीत बाई ३१ नव्हे, ४२ पोरांना शिकवत होत्या. मार्चअखेर कोप्या उठल्या आणि एप्रिलच्या चाचणीत त्या पोरांची कुठंही नोंद नाही. चार महिने त्यांना जे शिकवलं त्याला टक्के नाहीत.

आता काढा म्हणणाऱ्यांचा हिशेब करू. ३१ मधून गुऱ्हाळाची ८ आणि सालगड्यांची ७ काढा. उरतात १६. पुढं काय होतं ते माहीत आहे का? १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा शासन निर्णय आल्यापासून सहावी ते आठवीचा पट वीसच्या खाली जाणं ही छोट्या शाळांसाठी धोक्याची घंटा झालीय. शिक्षक संघटना त्यावरूनच रस्त्यावर उतरल्या होत्या. त्याच्या आधी, २०२३ मध्ये, समूह शाळांचा विषय निघाला तेव्हा राज्यातल्या वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा पंधरा हजारांच्या घरात सांगितला गेला होता, आणि त्यांत १ लाख ८५ हजारांच्या आसपास पोरं. आपण त्या ढिगात अजून गेलो नाही याचं कारण ही १५ 'बाहेरची' पोरं आहेत. आपल्या ९ मुलींची शाळा गुऱ्हाळावरच्या आणि सालगड्यांच्या पोरांनी धरून ठेवलीय. टाळ्या वाजवताना हे डोक्यात असू द्यावं.

आणि वर्ग बंद झाले तर पाच किलोमीटर. कायद्याच्या नियमाप्रमाणं सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत हवी. बरं, मुलींना एसटीचा पास फुकट आहे, मला सभेतच कुणीतरी ऐकवलं. पास आहे हो, एसटी कुठाय? सकाळची गाडी बंद होऊन किती वर्षं झाली? कॅनॉलच्या कडेनं दोन्ही बाजूंनी डोक्याच्या वर ऊस, आणि त्या उसात बिबट्या. मागच्या वर्षी वस्तीवरची दोन वासरं नेली त्यानं. बारा वर्षांच्या पोरीला तिथनं कोण पाठवेल? माझ्या मुलीच्या वेळी शाळा गावात नसती तर, खरं सांगतो, मी तिला बसमध्ये बसवलं असतं का घरी बसवलं असतं, मला खात्री नाही. आमच्या आईनं तर तेव्हा विचारलंच होतं, "पोरीला एवढं शिकवून?" मी तेव्हा आईला उत्तर दिलं नव्हतं. शाळा दोन मिनिटांवर होती म्हणून उत्तर द्यायची वेळ आली नाही.

मग करायचं काय? माझ्याकडं मोठी योजना वगैरे नाही. तीन गोष्टी सुचतात आणि तिन्ही वरून कुणी परवानगी द्यायची वाट न बघता होण्यासारख्या आहेत.

ज्यांच्याकडं सालगडी आहेत त्यांना विनंती. पाडव्याला साल बदलायचं तर बदला, तुमचा व्यवहार आहे. पण पोर शाळेत असेल तर परीक्षा संपेपर्यंत त्या खोलीतून बिऱ्हाड हलवू नका. तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. नव्या मालकालाही सांगता येतं, ओळखीचेच असतात सगळे. १५ मार्कवाल्या मुलीचा नवा मालक माझा चुलतभाऊ आहे. मी त्याच्याशी बोललोय. पोरगी जूनपासून त्या गावच्या शाळेत जाईल, आणि त्यांच्या मुख्याध्यापकांना बाईंनी तिची वही दिलीय, कुठपर्यंत आलं ते लिहून. दाखला तर जातोच, वही कधी जात नाही.

दुसरं, नव्यानं आलेल्या पोरांना सकाळी एक तास मराठी वाचन आणि गणित. गावात डी.एड. झालेल्या तीन मुली रिकाम्या बसल्यात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात शिक्षणासाठी पैसा धरता येतो. गेल्या वर्षी तो आपण कंपाउंडला रंग द्यायला वापरला. रंग छान आहे.

तिसरं, बाईंनी पेन्सिलीनं केलेला तो रकाना पेनानं करा. मार्कांची यादी सभेत वाचायची असेल तर त्याच्या शेजारी 'किती वर्षं' हेही वाचायचं. जूनमध्ये कुठं होतं आणि एप्रिलमध्ये कुठं आलं, हे वाचायचं. मग कुणाला काय बोलायचं ते बोला.

माझ्या पोराचं काय, हे कमेंटमध्ये येणार, म्हणून आधीच सांगतो. यंदा तो सातवीत जाईल. प्रवेशाचा अर्ज मी बाईंकडून आणलाय. टीव्हीच्या खाली ठेवलाय. बायकोचं म्हणणं, दोन वर्षांसाठी माध्यम बदलून पोराचं वाटोळं करू नका, तुमच्या पोस्टसाठी आमचा पोरगा कशाला? तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. मुलगी म्हणते, येऊ दे की, मी शिकवीन. पोराला विचारलं तर तो म्हणाला, तिकडं क्रिकेटला पोरं किती आहेत? ठरलं की सांगेन. ठरलं नाही तरी सांगेन.

पुढची ग्रामसभा ठरलीय ती मंगळवारी, सकाळी दहाला, मारुतीच्या देवळापुढं. वर्ग बंद करायचा ठराव पहिलाच विषय आहे. ज्या बायांच्या पोरी त्या शाळेत आहेत त्यांनी दूध घालून झालं की थेट या, मागं उभं राहू नका. गुऱ्हाळावरच्यांनाही मी निरोप दिलाय. ज्यांची नावं आपल्या मतदार यादीत नाहीत त्यांना हात वर करता येणार नाही, पण बसता येईल. खुर्च्या कमी पडतात, सतरंजी मी आणतो.